कॉफी हाउसमधली आठ पोरं आणि एक पाथरवट

मागच्या सेमिस्टरला आमच्या सिव्हिल डिपार्टमेंटच्या स्टुडंट्स असोसिएशनची ट्रेझरर म्हणून माझी निवड झाली. निवड म्हणजे काय, तर मीटिंगला अकरा जण होते, त्यातल्या दहा जणांनी खाली माना घातल्या आणि मी नेमकी त्या वेळी वर बघत होते! हातात एक हिशोबाची वही आणि एक पावती पुस्तक आलं. वर्गणी शंभर रुपये. ती गोळा करायला मी लेडीज हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून फिरले आणि बॉईज हॉस्टेलच्या गेटवर उभी राहिले. सगळीकडे प्रश्न एकच. शंभर रुपये भरून मिळणार काय? सर्टिफिकेट मिळेल का, प्लेसमेंटला उपयोग होईल का, निदान समोसा तरी आहे का?

खरं सांगायचं तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मेसच्या बिलात शंभर रुपये वाढले की आपण भांडतो, मग असोसिएशनला का द्यायचे? त्या आठवड्यात एकवीस जणांनी पैसे भरले, त्यातल्या सहा माझ्या मैत्रिणी. असोसिएशन बंदच करून टाकावी असा विचार कमिटीत सुरू झाला, आणि मनातून मलाही ते पटत होतं.

मग पंधरा सप्टेंबर आला. इंजिनिअर्स डे, सर विश्वेश्वरय्यांचा वाढदिवस. नोटीस बोर्डवर काहीतरी लावायचं म्हणून मी लायब्ररीत पुस्तकं चाळत बसले होते. तिथे थॉमस टेलफर्ड या माणसाची गाठ पडली. आमच्या सिलॅबसमध्ये त्याचं नाव सस्पेन्शन ब्रिजच्या इतिहासात एका ओळीपुरतं येतं. बाकी तो कोण, कुठला, कोणी विचारत नाही. मी विचारलं, आणि पीएलमध्ये वाचायची पुस्तकं बाजूला ठेवून त्याचंच वाचत बसले. (एम-थ्रीचा निकाल लागला तेव्हा त्याचे परिणाम दिसले, पण ते जाऊ दे.)

टेलफर्डचा जन्म ९ ऑगस्ट १७५७ चा, स्कॉटलंडच्या दक्षिणेला एस्कडेल नावाच्या डोंगराळ खोऱ्यातला. वडील मेंढपाळ. दुसऱ्याच्या शेतावर मेंढ्या राखायचे. पोरगं काही महिन्यांचं असतानाच ते वारले. आई जॅनेट एकटी उरली. शेजारीपाजारी आणि नातेवाइकांच्या आधारावर, लोकांच्या शेतावर काम करून तिने मुलाला वाढवलं. मुलगा उन्हाळ्यात गुरं-मेंढ्या राखायचा आणि उरलेल्या वेळी गावच्या शाळेत जायचा. इतकं सगळं असून हसतमुख. गावात त्याला हसरा टॅम म्हणायचे.

चौदाव्या वर्षाच्या सुमाराला त्याला पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारीला ठेवलं. पहिल्या मालकाने इतका त्रास दिला की पोरगं पळून घरी आलं. दुसरा मालक लँगहोम गावातला, तो बरा होता. तिथे टेलफर्ड दगड घडवायला शिकला. त्या काळी प्रत्येक पाथरवट आपण घडवलेल्या दगडावर आपली खूण कोरायचा, म्हणजे मजुरी मोजायला सोपं जाई. लँगहोमच्या पुलाच्या दगडांवर टेलफर्डची खूण सापडते असं सांगतात. गावातल्या एका बाईंनी त्याला आपल्या घरातली पुस्तकं वाचायला दिली. ही उधारीवरची पुस्तकं त्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत महत्त्वाची ठरली, ते पुढे येईलच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या वेळी ब्रिटनमध्ये इंजिनिअरिंग कॉलेज नावाची गोष्टच नव्हती. डॉक्टरांचं कॉलेज होतं, वकिलांच्या जुन्या संस्था होत्या, चर्च होतं, सैन्य होतं. पण कालवे, पूल, गिरण्या, पंप बांधणाऱ्या माणसाला शिकायचं कुठे? कुणाच्या तरी हाताखाली. मालक चांगला निघाला तर शिकलात, नाहीतर दगड फोडत राहिलात. आणि जो शिकला तो आपलं ज्ञान दुसऱ्याला सहज देत नसे, कारण तेच त्याचं पोट होतं.

टेलफर्ड १७८० मध्ये एडिनबराला गेला, १७८२ मध्ये लंडनला. तिथे सॉमरसेट हाउसच्या बांधकामावर त्याने पाथरवट म्हणून काम केलं. नंतर पोर्ट्समथच्या गोदीत इमारतींवर देखरेख. दिवसा काम, रात्री वाचन. चुना कसा बनतो हे समजावं म्हणून त्याने रसायनशास्त्र वाचायला घेतलं. आपण सिमेंटचं प्रॅक्टिकल एकमेकांच्या जर्नलमधून उतरवतो, त्याची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही!

पुढे विल्यम पल्टनी नावाच्या श्रीमंत खासदाराने त्याला श्रूजबरी गावात काम दिलं आणि लवकरच तो श्रॉपशायर परगण्याच्या सार्वजनिक कामांचा सर्वेयर झाला. १७८८ मध्ये तिथे एक प्रसंग घडला. सेंट चॅड या जुन्या चर्चचं छप्पर गळत होतं म्हणून त्याला बोलावलं. त्याने पाहणी करून सांगितलं की छपराचं सोडा, भिंतीच जागेवर नाहीत, पायाला लागून थडगी खणल्यामुळे इमारत कधीही खाली येईल. चर्चच्या मंडळींनी त्याची टर उडवली. याला स्वतःसाठी मोठं काम काढायचंय, असं त्यांना वाटलं. थोड्याच दिवसांत, पहाटे घड्याळाचे ठोके पडत असताना, मनोरा कोसळला. त्यानंतर त्या भागात टेलफर्डच्या शब्दाला वजन आलं.

पण मला यातून दुसरंच दिसतं. तो तिशीचा होता, म्हणणं बरोबर होतं, तरी कोणी ऐकलं नाही. का? कारण इंजिनिअर म्हणजे काय हेच लोकांना माहीत नव्हतं. तो गवंडी आहे, कंत्राटदार आहे की ठकसेन आहे, कळायला मार्ग नव्हता. त्याच्या मागे संस्था नव्हती, डिग्री नव्हती. इमारत पडली म्हणून तो खरा ठरला. नसती पडली तर?

१७९३ मध्ये त्याला एल्समिअर कालव्याचं काम मिळालं. याच कालव्यावर वेल्समध्ये डी नदीच्या खोऱ्यावरून जाणारा पाँटकसाल्टे जलसेतू आहे. (हे नाव नीट उच्चारणं हा एक वेगळा व्हायवा आहे.) दगडी खांबांवर ओतीव लोखंडाच्या १९ कमानी, त्यांवर लोखंडी हौदासारखी लांबच लांब पन्हळ आणि तिच्यातून होड्या जातात! लांबी ३०७ मीटर, उंची सुमारे ३८ मीटर. १७९५ मध्ये सुरू झालेलं काम १८०५ मध्ये पुरं झालं. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं, आणि आजही त्यातून होड्या चालतात.

आता एक कटू गोष्ट. या कालव्याचा मुख्य इंजिनिअर टेलफर्ड नव्हता, विल्यम जेसप होता. टेलफर्डपेक्षा मोठा, अनुभवी आणि शांत स्वभावाचा. पण टेलफर्डने उतारवयात आपलं आत्मचरित्र लिहिलं, त्यात जेसपचं नाव जवळजवळ येतच नाही. श्रेय सगळं एकट्याच्या खात्यात. आपल्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये असं करणारा एक तरी असतोच, पण तो टेलफर्ड असेल असं मला वाटलं नव्हतं. हे वाचून माझा जरा मूड गेला. तरी लिहितेय, कारण नुसती आरती ओवाळायची असती तर हा लेख लिहिण्यात अर्थ नव्हता.

१८०३ पासून त्याच्याकडे स्कॉटलंडच्या उत्तर डोंगराळ भागाचं काम आलं. माणसं उपासमारीने आणि जमीनदारांच्या जाचाने देश सोडून चालली होती. सरकारने रस्ते आणि पूल बांधायचं ठरवलं. पुढच्या अठरा-एकोणीस वर्षांत टेलफर्डच्या देखरेखीखाली ९०० मैलांहून जास्त रस्ते आणि हजाराहून जास्त लहान-मोठे पूल झाले. शिवाय देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारा कॅलेडोनियन कालवा. हा कालवा मात्र फसला म्हणावा लागेल. अंदाज होता सात वर्षं आणि साडेतीन लाख पौंड. लागली एकोणीस वर्षं आणि नऊ लाखांच्या आसपास पौंड. १८२२ मध्ये तो खुला झाला तेव्हा जहाजंच मोठी होऊ लागली होती. एस्टिमेटिंगच्या पेपरात कमी मार्क पडलेल्यांनी धीर सोडू नये.

पण या कामाबद्दल टेलफर्डने एक हिशोब मांडला होता तो मला फार आवडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथे दर वर्षी सुमारे ३२०० माणसं कामाला असत, आणि त्यातली ८०० माणसं दर वर्षी काम शिकून, अवजारं वापरायला शिकून बाहेर पडत. म्हणजे तो त्या रस्त्यांकडे चालतं-बोलतं विद्यालय म्हणून बघत होता. ज्याला स्वतःला कॉलेज मिळालं नाही, त्याने साइटचंच कॉलेज केलं.

आता येऊ कॉफी हाउसकडे.

२ जानेवारी १८१८. लंडनमधल्या फ्लीट स्ट्रीटवर केंडल कॉफी हाउसमध्ये आठ तरुण जमले. बहुतेक विशीतले, एखादा तिशी ओलांडलेला. हेन्री रॉबिन्सन पामर त्यांचा म्होरक्या. जोशुआ फील्ड हा इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यातला. कोणीही प्रसिद्ध नव्हतं. लंडनमध्ये इंजिनिअरांचं एक मंडळ १७७१ पासून होतं, जॉन स्मीटन यांनी सुरू केलेलं. पण ते नावाजलेल्या मोठ्या मंडळींचं. ते एकत्र जेवायचे आणि आपसात बोलायचे. उमेदवारी करणाऱ्या पोरांना तिथे कोण विचारणार?

पामरचा मुद्दा साधा होता. इंजिनिअर हा शास्त्रज्ञ आणि कारागीर यांच्या मधला दुवा आहे. त्याला दोघांचीही भाषा यायला हवी. ती शिकायला जागा नाही, तर आपणच आपली जागा करू. एकमेकांना शिकवू. झालं, संस्था स्थापन झाली. इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स.

इथे सिव्हिल या शब्दाचा अर्थ आजच्यासारखा घेऊ नका. सैन्याचा नाही तो सिव्हिल. त्यात यंत्रवालेही आले, पंपवालेही आले. म्हणजे मेकॅनिकलच्या मंडळींनी हा लेख इथे सोडायची गरज नाही!

संस्था स्थापन करणं सोपं, चालवणं कठीण. हे वाक्य मी आता अनुभवाने लिहिते. पहिल्या दोन वर्षांत त्यांची हालत आमच्या असोसिएशनसारखीच होती. सभासद वाढेनात, बाहेर कोणी ओळखेना. शेवटी १८२० च्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं की एखादा नावाजलेला माणूस अध्यक्ष म्हणून आणायचा. पामर टेलफर्डच्या हाताखाली काम करत होता. त्यांनी टेलफर्डला विचारलं.

टेलफर्ड तेव्हा बासष्ट वर्षांचा. देशातला सगळ्यात नामांकित इंजिनिअर. मेनाई सामुद्रधुनीवरचा झुलता पूल नुकताच हाती घेतलेला. या पोरांच्या मंडळात जाऊन त्याला काय मिळणार होतं? सर्टिफिकेट? प्लेसमेंट? समोसा? (लंडनमध्ये समोसाही नव्हता.) तो हो म्हणाला. मार्च १८२० मध्ये त्याने अध्यक्षपद घेतलं आणि मरेपर्यंत, म्हणजे चौदा वर्षं, सोडलं नाही.

पहिल्या भाषणात त्याने काय मांडलं त्याचा मतितार्थ असा. इतर देशांत अशा संस्था सरकार काढतं, सरकार चालवतं. आपल्या मागे सरकार नाही. आपण काही माणसांनी आपल्या मर्जीने हे उभं केलं आहे, त्यामुळे हे टिकेल की नाही हे फक्त सभासदांच्या कष्टावर आणि वागणुकीवर अवलंबून आहे. म्हणून माणसं निवडून घ्या.

हे वाचलं तेव्हा हिशोबाची वही माझ्यासमोरच पडली होती.

टेलफर्डने नुसतं नाव दिलं असतं तरी चाललं असतं. आपल्याकडे पुष्कळ अध्यक्ष तेवढंच देतात, हार घालून घेतात आणि जातात. त्याने तसं केलं नाही. तो बैठकांना येऊन बसू लागला. त्याने आपली पुस्तकं आणि नकाशे संस्थेला दिले, त्यातून लायब्ररी उभी राहिली. बैठकीत जी चर्चा होते ती लिहून ठेवायची असा त्याचा आग्रह होता. कोणी काय अनुभव सांगितला, कुठला पाया खचला, कुठलं लोखंड तुटलं, सगळं वहीत. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते. पण ज्या धंद्यात प्रत्येक जण आपली युक्ती मुठीत ठेवायचा, तिथे चुका आणि युक्त्या एका वहीत सगळ्यांसाठी लिहून ठेवणं ही केवढी मोठी गोष्ट होती! पुढे ही टिपणं छापली जाऊ लागली आणि जगभर गेली. आपल्या इथला धागासुद्धा त्यात आहे. मुंबई-ठाणे रेल्वे बांधणाऱ्या जीआयपी कंपनीचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याने १८६० मध्ये भारतातल्या रेल्वेवरचा आपला पेपर याच संस्थेत वाचला. म्हणजे पाथरवटाने सुरू करायला लावलेल्या वहीत आपले सह्याद्रीचे घाटही जाऊन बसले.

दुसरं काम म्हणजे सनद. ३ जून १८२८ रोजी संस्थेला राजाची सनद मिळाली. सनद म्हणजे नुसता फ्रेम करून लावायचा कागद नाही. सनद मिळाली की संस्था कायद्याने एक व्यक्ती बनते. तिच्या नावावर पैसे ठेवता येतात, जागा घेता येते, कोणी मृत्युपत्रात काही दिलं तर ते स्वीकारता येतं. माणसं आली-गेली तरी संस्था राहते. सनदेसाठी सिव्हिल इंजिनिअरिंगची व्याख्या करावी लागली. थॉमस ट्रेडगोल्ड याने ती लिहून दिली. निसर्गातल्या मोठ्या शक्तींना माणसाच्या उपयोगासाठी आणि सोयीसाठी वळवण्याची कला, असा तिचा आशय. पहिल्या वर्षाला आपण पाठ करतो ती व्याख्या इथून आली.

याच वर्षांत मेनाईचा पूल उभा राहिला. १८१९ ते १८२६. खालून उंच डोलकाठ्यांची जहाजं जायला हवीत म्हणून सुमारे ३० मीटर उंची, दोन मनोऱ्यांमध्ये सुमारे १७६ मीटरचा गाळा. त्या काळी एवढा लांब गाळा कोणी बांधला नव्हता. घडीव लोखंडाच्या १६ साखळ्या. लोखंड गंजू नये म्हणून ते जवसाच्या तेलात मुरवून घेतलं. पहिली साखळी २६ एप्रिल १८२५ रोजी चढवली. सुमारे दीडशे माणसं वाद्यांच्या तालावर रहाट फिरवत होती. टेलफर्डला आदल्या रात्री झोप नव्हती असं म्हणतात. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्यालाही नसते, फक्त कारण वेगळं असतं.

आता शेवटचा एक डाग. १८२९ मध्ये ब्रिस्टलजवळ क्लिफ्टन इथे पुलासाठी स्पर्धा झाली. परीक्षक म्हणून टेलफर्डला बोलावलं. त्याने सगळे आराखडे नापास केले. त्यात इझंबार्ड ब्रुनेल या तेवीस वर्षांच्या मुलाचेही होते. मेनाईपेक्षा लांब गाळा वाऱ्यात टिकणार नाही, असं टेलफर्डचं मत होतं. आणि मग आयोजकांच्या सांगण्यावरून परीक्षकाने स्वतःचाच आराखडा दिला! तो बांधला गेला नाही. स्पर्धा पुन्हा झाली, दुसरे परीक्षक आले आणि काम ब्रुनेलला मिळालं. सेंट चॅड चर्चच्या वेळी ज्याचं कोणी ऐकलं नव्हतं, त्याने चाळीस वर्षांनी एका पोराचं ऐकलं नाही. वय वाढलं की असं होतं का? माहीत नाही. भीती मात्र वाटते.

पण गोष्ट इथे संपत नाही. पैसे संपले आणि ब्रुनेलचा पूल अर्धवट राहिला. १८५९ मध्ये ब्रुनेल वारला. तेव्हा त्याचं स्मारक म्हणून पूल पुरा करायला कोण पुढे आलं? याच इन्स्टिट्यूशनचे सभासद. १८६४ मध्ये क्लिफ्टनचा पूल खुला झाला, आणि त्याचा गाळा मेनाईपेक्षा लांब आहे. अध्यक्षाची चूक त्याच्या संस्थेने दुरुस्त केली. मला वाटतं, संस्था हवी ती यासाठी. माणूस कितीही मोठा असो, तो चुकतो. जेसपचं नाव गाळतो, ब्रुनेलला नापास करतो. संस्था ते हळूहळू सावरून घेते. अर्थात तिलाही वेळ लागतो. पहिली बाई सभासद घ्यायला या संस्थेला १९२७ साल उजाडलं, डोरोथी ब्युकॅनन. म्हणजे १०९ वर्षं! मी १८१८ मध्ये असते तर केंडल कॉफी हाउसच्या दारातच अडवली गेले असते.

टेलफर्डने लग्न केलं नाही. लंडनमध्ये तो वीसेक वर्षं सॅलोपियन नावाच्या कॉफी हाउसमध्येच खोली घेऊन राहिला. म्हणजे जवळजवळ हॉस्टेलाइटच! तिथे त्याच्या अवतीभवती इंजिनिअरांची इतकी गर्दी असायची की तो जागा सोडून निघाला तेव्हा नव्या मालकाने तक्रार केली, टेलफर्ड इथे राहतो म्हणूनच तर आपण जास्त पैसे मोजून हा धंदा घेतला. शेवटच्या वर्षांत त्याला ऐकू कमी येऊ लागलं. २ सप्टेंबर १८३४ रोजी तो गेला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पुरलं, राजे आणि कवींच्या शेजारी. मेंढपाळाच्या पोराला.

मृत्युपत्रात त्याने इन्स्टिट्यूशनला २००० पौंड ठेवले. ते मोडून खायचे नाहीत, व्याजातून दर वर्षी चांगल्या पेपरांना बक्षिसं द्यायची. १८३५ पासून टेलफर्ड मेडल सुरू झालं, ते आजही दिलं जातं. आणि १००० पौंड प्रत्येकी दोन लायब्ररींना, लँगहोमची एक आणि वेस्टरकर्कची एक, दोन्ही त्याच्या लहानपणच्या गावच्या. वेस्टरकर्कची लायब्ररी १७९३ मध्ये तिथल्या अँटिमनीच्या खाणीतल्या कामगारांनी सुरू केली होती. लहानपणी उधार वाचलेल्या पुस्तकांचं कर्ज त्याने असं व्याजासकट फेडलं.

आणि पामर? त्या आठ पोरांच्या म्होरक्याने १८२९ मध्ये नालीदार पत्र्याचं पेटंट घेतलं. आपल्या सायकल स्टँडवरचा, मेसच्या मागचा, कोकणातल्या घराघरांवरचा तो पन्हाळी पत्रा त्याचा. पावसाळ्यात तो वाजायला लागला की मला आता फ्लीट स्ट्रीट आठवतो.

आमच्या असोसिएशनचं काय झालं? बंद करायचा ठराव पुढच्या मीटिंगला आला. मी तिथे टेलफर्डवर भाषण वगैरे दिलं नाही, हिंमतच झाली नाही. एवढंच सुचवलं की वर्गणी पन्नास करू आणि उरलेल्या पन्नासाऐवजी प्रत्येकाने सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये साइटवर पाहिलेली एक चूक लिहून आणावी. नाव आपलं, साइटचं नको. ठराव एका मताने पास झाला. एका मताने म्हणजे आठ विरुद्ध सात. आठच! मला तो आकडा बघून हसू आलं, कोणाला कळलं नाही का ते.

आता लाल पुठ्ठ्याच्या एका वहीत चौतीस चुका जमल्या आहेत. स्लॅबचे टेकू लवकर काढले, सळईला कव्हरच ठेवलं नाही, पाणी मारायला माणूसच नव्हता, असं बरंच काही. मागच्या महिन्यात आमच्या एका सरांनीही स्वतःची, वीस वर्षांपूर्वीची, एक चूक लिहून दिली. वाचून आम्ही गप्प झालो. ती शिकायला आम्हाला एखादी इमारत पाडावी लागली असती.

वही डिपार्टमेंट लायब्ररीत, डाव्या कपाटात आहे. पुढच्या वर्षी मी ट्रेझरर नसेन. पावती पुस्तकात अजून बरीच कोरी पानं शिल्लक आहेत.